मागच्या चाकाची चौकशी

मी संशयी माणूस नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या इमारतीत सध्या याच्या अगदी उलट बोललं जातं. हे वाक्य मी बायकोला म्हणून दाखवलं तेव्हा ती चष्मा शोधत होती. तिनं शोधणं थांबवलं, माझ्याकडे बिनचष्म्याचंच नीट पाहिलं आणि पुन्हा शोधायला लागली. आता अशा पाहण्याचा माणसानं काय अर्थ घ्यायचा?

मी वजनमापं तपासण्याच्या सरकारी खात्यात निरीक्षक आहे. दुकानदार तराजू पुढे करतो, गोड हसतो आणि मी तो तराजू तपासतो. फार गोड हसला तर दोनदा तपासतो. वर्षानुवर्षं हे केल्यावर ते अंगात मुरतं. दुधाची पिशवी हातात आली की हात आपोआप वरखाली होऊन अंदाज घेतो. आमची मुलगी जन्मली तेव्हा नर्सनं सांगितलेलं वजन मी मान्य केलं नव्हतं, काटा शून्यावर आणून पुन्हा करायला लावलं होतं. नर्सबाई अजून रस्त्यात दिसल्या तर फुटपाथ बदलतात. त्यांचं का बिनसलंय ते मला कळलेलं नाही.

तर सायकल. माझ्या ऑफिसच्या रस्त्याला महापालिकेनं कडेनं एक हिरवा पट्टा रंगवला आणि त्यावर सायकलचं चित्र काढलं. पुढच्या बसचा धूर गिळत मी रोज स्कूटरवरून त्या चित्राकडे बघायचो. सगळा रस्ता तुंबलेला आणि तो पट्टा तेवढा मोकळा. मोकळी गोष्ट दिसली की ती मोकळी का, हा प्रश्न मला आधी पडतो. पण एक दिवस मी सिग्नलला अडकलो असताना आमच्या ऑफिसातल्या आवक-जावकच्या बाई त्या पट्ट्यावरून सायकलवर गाणं गुणगुणत निघून गेल्या. मी घामाघूम होऊन पोचलो तेव्हा त्यांचा चहासुद्धा झाला होता. त्याच संध्याकाळी मी सायकल घेतली.

पट्टा मोकळा का होता ते पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या चौकातून तो मोठ्या झोकात निघतो आणि थेट विजेच्या लोखंडी पेटीवर जाऊन आदळतो. पेटीपलीकडे पुन्हा सुरू होतो. मधलं अंतर कसं पार करायचं ते विचारायला मी महापालिकेत गेलो. रस्ते विभाग म्हणाला, पट्टा आमचा, पेटी वीजवाल्यांची. वीज कचेरी म्हणाली, पेटी आधीची, पट्टा नंतर आला, तेव्हा वळायचं असेल तर पट्ट्यानं वळावं. मला ते पटलं, आणि सरकारी कचेरीत इतक्या पटकन काही पटलं की मला धास्तीच वाटते. तेव्हापासून मी पेटीपाशी उतरतो, सायकल उचलतो, पलीकडे ठेवतो आणि पुन्हा बसतो.

इमारतीत मात्र हलकल्लोळ झाला. बरा पगार असलेला, गुडघे कुरकुरायच्या वयातला माणूस धडधाकट स्कूटर सोडून सायकल का चालवतो? हवा स्वच्छ राहावी म्हणून, असं मी खरंखरं सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, तिथंच त्यांचा दवाखाना. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "शुगर किती आली?" तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत. कोर्टात कारकून होते, निवृत्त झाल्यापासून आम्ही त्यांना वकीलसाहेब म्हणतो आणि ते नको म्हणत नाहीत. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"निलंबन झालं असेल तर घाबरू नका. अपील करता येतं."

"अहो, निलंबन नाही झालेलं."

"शाब्बास. विचारलं की हेच सांगत राहा."

सासूबाईंनी तर फोन करून माझ्या बायकोला विचारलं की त्या आवक-जावकच्या बाई दिसायला कशा आहेत. ही बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली याचा छडा अजून लागलेला नाही.

काही विचारलं नाही ते फक्त मास्तरनं. मास्तर म्हणजे आमच्या समोरच्या दारातला. शाळेत चित्रकला शिकवतो आणि इमारतीचा सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. आमच्या दोन दारांच्या मधे अरुंद पॅसेज. तिथं संध्याकाळी दोन खुर्च्या टाकायच्या, चहा त्याच्या घरचा आणि पेपर माझ्या घरचा, हा शिरस्ता आमच्या मुली रांगत होत्या तेव्हापासूनचा. मला मित्र म्हणावा असा हा एवढाच. कुणी माझ्याशी सलगी करायला आलं की मी आधी त्याचा हेतू शोधतो. मास्तरचा हेतू शोधायचं मी कधीतरी विसरूनच गेलो होतो. माझं नवं हेल्मेट बघून तो एवढंच म्हणाला, "तुझी तर हवाच आहे बुवा! जपून, कुणीतरी काढेल एखाद्या दिवशी." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसलो.

आता त्या चाकाकडे येतो. सायकल विकताना दुकानदारानं मला मागच्या चाकाचा व्हॉल्व दाखवला होता. बारीक, लांबट, नव्या पद्धतीचा. "याचं टोक सैल करायचं आणि बोटानं जरासं दाबायचं," तो म्हणाला, "फुस्स झालं की समजायचं, हवा आहे." विकलेला माल तपासायची रीत कुणी आपणहून शिकवतंय, हे माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा घडत होतं. मला अगदी भरून आलं. तेव्हापासून ऑफिसातून आल्यावर एक फुस्स, जेवणानंतर कचऱ्याची पिशवी ठेवायला खाली गेलो की एक फुस्स, असा नेम सुरू झाला. पुढचं चाक मी बघत नसे. भार मागच्यावर असतो.

आणि एका सकाळी मागचं चाक जमिनीला टेकलेलं. डोक्याला हेल्मेट, पाठीला बॅग, पँटला क्लिप, अशा थाटात मी सायकल हातात धरून बसस्टॉपवरून चालत गेलो. स्टॉपवरच्या लोकांनी आदरानं वाट करून दिली, ते जास्त लागलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढून पाण्यात फिरवली. एक बुडबुडा आला नाही.

"पंक्चर नाही साहेब. ट्यूब नवीकोरी आहे."

"मग हवा गेली कुठं?"

"कुणीतरी सोडली असेल," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बोलणारा बोलून गेला. माझ्या कानात असलं वाक्य टाकणं म्हणजे गवताच्या गंजीत काडी टाकणं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी ताबडतोब पाळत वाढवली. सकाळी उठल्या उठल्या एक फुस्स, आंघोळीला जायच्या आधी एक, रविवारी तर येताजाता. आश्चर्य असं की मी जितकी पाळत वाढवावी तितकी हवा जास्त जायला लागली. यावरून मी निष्कर्ष काढला की गुन्हेगार माझ्या पाळतीवर पाळत ठेवून आहे.

मी मनातल्या मनात सगळ्यांना तपासून पाहिलं. डॉक्टरांच्या पेशंटांना स्कूटर लावायला जागा हवी असते. वकीलसाहेबांना बरेच दिवस खटला मिळालेला नाही. घरचं माणूस म्हणून बायकोला वगळणं न्यायाला धरून झालं नसतं, म्हणून तिलाही विचारलं.

"मी?" ती म्हणाली. "मला कुणाची हवा काढायचीच असती तर टायरची कशाला काढली असती?"

हे उत्तर मी ग्राह्य धरलं.

मग पोलीस चौकीत गेलो. जमादारांनी खुर्ची दिली, पेन उघडलं.

"काय चोरीला गेलं?"

"हवा."

त्यांनी पेन बंद केलं. "सायकल आहे ना?"

"आहे."

"चाक?"

"आहे. चाकाला टायरही आहे. हवा तेवढी नाही."

"म्हणजे मुद्देमाल हवा. आता समजा आम्ही ती शोधून काढली. ती तुमचीच, हे तुम्ही ओळखणार कशी?"

"दाबावरून," मी म्हटलं. माझं खातंच ते.

जमादारांनी मला पाणी पाजलं आणि घरी अजून कोण कोण असतं ते फार मायेनं विचारलं. मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. एवढी काळजी कुणी विनाकारण घेत नाही, पण त्यात शिरायला मला वेळ नव्हता.

कारण त्याच संध्याकाळी मी जिन्यावरून खाली उतरलो तर मास्तर माझ्या सायकलपाशी उकिडवा बसलेला. मला बघून उठला, हात झटकले आणि "किल्ली पडली होती" असं म्हणून वर गेला. माझी सायकल खांबाला टेकून उभी असते आणि तिच्या शेजारी मास्तरची गाडी, तेव्हा किल्ली तिथंच पडणार. पण तो हात झटकत होता! मी जिन्यातच बसलो. वकीलसाहेब तिथून चालले होते. माझी कर्मकहाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"हेतू बघा, संधी बघा, साधन बघा," ते म्हणाले. "गाडीचं दार उघडताना तुमचं हँडल आड येतं, हा हेतू. गाडी शेजारी, ही संधी."

"आणि साधन?"

त्यांनी नुसतं बोट वर केलं.

मला आठवलं, कुणीतरी काढेल एखाद्या दिवशी, असं तो बोलला होता. हसत बोलला होता. हसणाऱ्यांचा तराजू मी दोनदा तपासतो, आणि याचा एकदाही तपासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पॅसेजमधे चहा पिताना मी विषय काढला.

"मास्तर, राग मानू नकोस. काल सायकलपाशी काय करत होतास?"

"सांगितलं ना, किल्ली पडली होती. का रे?"

"काही नाही. आज सकाळी हवा नव्हती."

तो हसायला लागला. मी हसत नाही हे बघितल्यावर त्याचं हसू हळूहळू विझलं.

"तुला वाटतं, मी हवा सोडली?"

"तसं वाटत नाही. पण शक्यता नाकारता येत नाही."

हे आमच्या खात्यातलं वाक्य. दुकानदारांना मी ते दिवसातून कितीदा ऐकवतो, कुणी मनाला लावून घेत नाही. मास्तरनं कप खाली ठेवला. उठला, आपली खुर्ची मिटली आणि काखेत घेतली.

"सेक्रेटरी या नात्यानं तुमची तक्रार घेतली आहे," तो म्हणाला. "गेटचा कॅमेरा पार्किंगकडे वळवून घेऊ. मी दिसलो तर हे घर विकून जाईन. नाही दिसलो, तर मात्र तुमचं आमचं बोलणं संपलं."

दार लागलं. माझा चहा अर्धा राहिला होता. बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि माफी मागा." मी म्हटलं, माफी मागायला ना नाही, पण आधी सिद्ध तर होऊ दे. तिनं त्या दिवशी माझ्याशी जेवायला वाढण्यापुरताच संबंध ठेवला.

कॅमेरा वळवणं म्हणजे मान वळवण्याइतकं सोपं नसतं. त्याला कमिटीचा ठराव लागतो. डॉक्टरांनी हरकत घेतली की त्यांचे पेशंट गाल सुजवून येतात, त्यांना चित्रीकरण आवडणार नाही. वकीलसाहेबांनी ठरावाची भाषा इतकी कडक केली की ती वाचल्यावर मलाच अटक होईल असं वाटायला लागलं. कॅमेरेवाला शिडीशिवाय आला, मग शिडी घेऊन आला तेव्हा स्क्रू ड्रायव्हर विसरला. शेवटी त्यानं कॅमेरा वळवला आणि पुढचे काही दिवस आमच्या इमारतीनं आकाशाची राखण केली. या सगळ्या काळात मास्तर माझ्यासमोरून जाता येता "नमस्कार" म्हणायचा. नुसतं नमस्कार! संध्याकाळी मी एकटाच पॅसेजमधे पेपर वाचत बसे. मोठ्यानं वाचायची सवय, ऐकायला समोर दार. एकदा दाराआड पाऊल वाजल्यासारखं झालं, म्हणून मी अग्रलेख पहिल्यापासून पुन्हा वाचला. दार उघडलं नाही.

कॅमेरा एकदाचा सरळ झाला आणि त्यानंतर हवा पुन्हा गेली. मी सभेची मागणी केली. सभा डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली, कारण टीव्ही तिथं आहे. भिंतीवर अर्ध्या कापलेल्या दाढेचं मोठं चित्र आणि त्याखाली आम्ही सगळे. रेकॉर्डिंग काढायची जबाबदारी सेक्रेटरीची, त्यामुळे ते आधी मास्तरनं एकट्यानं पाहिलेलं. तो उभा राहिला. चेहरा उतरलेला होता. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"मशीन बंद पडलं होतं," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग झालेलं नाही. विषय इथंच संपवू या."

मी ताडकन उठलो. "बंद पडलं? नेमकं त्याच दिवशी?"

सगळ्यांच्या माना मास्तरकडे वळल्या. "पुरावा दडवणं हा वेगळा गुन्हा आहे," वकीलसाहेब छताकडे बघत म्हणाले. डॉक्टरांनी आपली खुर्ची मास्तरच्या खुर्चीपासून जराशी सरकवली. मास्तरची बायको, आमच्या वहिनी, मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपलेले मी पाहिले आणि तरीही मला काही कळलं नाही.

"माझं ऐक," मास्तर खालच्या आवाजात म्हणाला. "सोडून दे. मी सांगतोय म्हणून सोड."

"का सोडू? लपवण्यासारखं काही नसेल तर लाव की!"

"लावू?"

"लाव!"

त्यानं एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं. जणू तिची परवानगी मागत होता. मग त्यानं टीव्ही लावला.

पडद्यावर आमचं पार्किंग आलं. जिन्यातून एक माणूस उतरला. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात कचऱ्याची पिशवी. पिशवी ठेवून त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग सायकलपाशी उकिडवा बसला, मागच्या चाकाचा व्हॉल्व सैल केला, बोटानं दाबला, कान लावून फुस्स ऐकलं आणि समाधानानं मान डोलावून निघून गेला. थोड्या वेळानं काहीतरी आठवल्यासारखा परत आला आणि पुन्हा दाबून गेला. पुढच्या चित्रात उजाडलं होतं. तोच माणूस, खांद्यावर टॉवेल. पुन्हा उकिडवा, पुन्हा बोट. पायजमा ओळखीचा होता. गुडघ्यावरचं ठिगळही ओळखीचं होतं, आमच्याच घरात लागलेलं.

"का हो," डॉक्टर म्हणाले, "दाबून झाल्यावर तुम्ही ते टोक परत आवळत नाही का?"

"दुकानदारानं सैल करायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "आवळायचं काही बोलला नाही."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. वकीलसाहेब दाढेच्या चित्राला धरून हसत होते. दोन माणसं हसली नाहीत. एक माझी बायको आणि दुसरा मास्तर. त्यानं टीव्ही बंद केला. "बास. झालं ना समाधान?" म्हणाला आणि वहिनींना घेऊन निघून गेला.

मला लाज वाटली, पण ती पायजम्याची नव्हे. हा माणूस शाळेत पोरांनी दुसऱ्याकडून काढून आणलेली चित्रंसुद्धा खपवून घेत नाही. तो माझ्यासाठी भर सभेत खोटं बोलला होता. माझं हसू होऊ नये म्हणून स्वतः चोर ठरायला तयार झाला होता, आणि मी त्याला तेवढंही करू दिलं नाही. उलट सगळ्यांसमोर ओरडून ओरडून त्याच्या चांगुलपणाची झडती घेतली.

वर जाऊन मी त्याचं दार वाजवलं. वहिनींनी फटीतून बघितलं.

"भावोजी, ते कुणाशी बोलत नाहीयेत."

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे."

"नीट तपासून घे गं. हल्ली कुणाचा भरवसा नाही."

"मास्तर, चुकलो मी," मी दारातूनच म्हणालो. "तू बोलायचं थांबवलंस तेव्हापासून मला जेवण जात नाही. साफ चुकलो."

वहिनींनी हलकेच दार लावलं.

सकाळी ऑफिसला जायला खाली उतरलो. स्कूटरची किल्ली घेतली होती, कारण चाक बसलेलं असणार हे मला ठाऊक होतं. बघतो तर मास्तर पायपंप घेऊन माझ्या सायकलवर वाकलेला. दाढी केलेली नव्हती, बाह्या वर सरकवलेल्या. मी पुढे झालो.

"तिथंच थांब," तो वर न बघता म्हणाला.

मी थांबलो. त्यानं पंप मारला, नळी काढली, व्हॉल्वचं टोक चिमटीत धरून घट्ट आवळलं आणि उठून उभा राहिला. धाप लागली होती. राग अजून गेलेला नव्हता, तो त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"हवा भरली आहे," तो म्हणाला. "पुरेशी आहे. मी सांगतोय."

माझं बोट हललं. माझ्या डोळ्यांदेखत भरली होती, शंकेला जागाच नव्हती, तरी ते हललं. पुरेशी म्हणजे किती? पंपाला काटा होता का? एकदा, फक्त एकदा, ओझरतं दाबून बघितलं तर काय बिघडणार होतं? मास्तर चाकाकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी हात खिशात घातले. मग हँडल धरायचं म्हणून बाहेर काढले. आणि चाकाकडे न बघता सायकलवर बसलो आणि निघालो.